लिनक्सवर नेमकं कुठलं पॅकेज टाकायचं? वाचनालयाचा जुना कॉम्प्युटर लावताना सापडलेली वाट

पलूस तालुक्यात कृष्णाकाठी आमच्या माहेरचं एक छोटं वाचनालय आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी आत शिरलं, तेव्हा खालच्या फळ्यांवरची पुस्तकं तर गेलीच, पण पुस्तकांची दाखल नोंदवहीही भिजून तिची पानं एकमेकांना चिकटली. ती वही उन्हात वाळवताना ग्रंथपाल काका म्हणाले होते, "ताई, पुस्तकं परत जमवता येतील. पण आपल्याकडं काय काय होतं, हेच आता सांगता येणार नाही." तेव्हापासून यादी कॉम्प्युटरवर घ्यायची हे माझ्या डोक्यात होतं.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच दिवाळीच्या सुमारास सांगलीतल्या एका ऑफिसानं आपला जुना कॉम्प्युटर वाचनालयाला दिला. विंडोज ११ त्यावर चढत नव्हतं, म्हणून विंडोजच्या जागी चालणारं, फुकट मिळणारं लिनक्स मिंट टाकलं. ते तासाभरात झालं. पुढचे तीन रविवार मात्र एकाच प्रश्नात गेले: मराठी टाइप करायला, छापायला, स्कॅन करायला कुठलं पॅकेज टाकायचं? पॅकेज म्हणजे लिनक्सवर टाकायच्या सॉफ्टवेअरचा बांधलेला गठ्ठा. एकाच कामासाठी दहा नावं दिसतात, त्यातली तीन एकसारखी वाटतात आणि चुकीचं टाकलं की दुसरंच काहीतरी बंद पडतं. ते तीन रविवार तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

हे सगळं मिंट, उबुंटू आणि डेबियन या एकाच घराण्यातल्या लिनक्ससाठी आहे. फेडोरा या दुसऱ्या घराण्यातल्या लिनक्सवर कमांड वेगळ्या असतात, विचार करायची रीत हीच. एक लक्षात ठेवा: कमांड आणि पॅकेजची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ती इंग्रजी अक्षरांत, लहान लिपीत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायची.

जवळ काय काय हवं

- कॉम्प्युटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड. दान आलेल्या मशीनवर लिनक्स दुसऱ्या कुणी टाकून दिलं असेल, तर हा आधी मागून घ्या.
- चालू इंटरनेट. मोबाइलचा हॉटस्पॉट चालतो, पण त्या दिवशीचा डेटा किती उरलाय ते बघा.
- एक वही आणि पेन. जे टाकाल त्याचं नाव आणि तारीख त्यात जायलाच हवी.
- प्रिंटर आणि स्कॅनरच्या मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर. "काळा, छोटा, लेझर" एवढ्यावर कुणीच मदत करू शकत नाही.
- एक रिकामा पेनड्राइव्ह, महत्त्वाच्या फायली आधी बाहेर काढून ठेवायला.

## १. सॉफ्टवेअरचं नाव विसरा, काम लिहा

वहीच्या पहिल्या पानावर सॉफ्टवेअरची नावं लिहू नका. तिथे कामं लिहा. आमच्या पानावर चार ओळी होत्या: मराठी टाइप करणं, पुस्तकांची यादी ठेवणं, जुने कागद स्कॅन करून वाचता येतील असे करणं, पावत्या छापणं.

हे साधं वाटतं, पण निम्मे घोळ इथेच मिटतात. मला कुणीतरी सांगितलं होतं की वाचनालय म्हटलं की कोहा टाका. कोहा खरोखर चांगलं आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी १९९९ साली ते तयार झालं, फुकट आहे आणि माओरी भाषेत त्या शब्दाचा अर्थच 'भेट' असा आहे. पण ते सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर आहे. त्याच्यासोबत डेटाबेस येतो, वेबसर्व्हर येतो आणि हे सगळं रोज सांभाळणारा माणूस लागतो. कॉलेजच्या ग्रंथालयात असा माणूस असतो. आमच्याकडे एक कॉम्प्युटर, सोळाशे पुस्तकं आणि संध्याकाळी दोन तास येणारे काका. "पुस्तकांची यादी ठेवणं" एवढंच काम लिहिलेलं असल्यामुळे उत्तर समोर आलं: लिबरऑफिस कॅल्क, म्हणजे एक्सेलसारखी तक्त्याची फाइल. ते मिंटमध्ये आधीपासूनच होतं. नवं काही टाकावंच लागलं नाही.

आणखी एक कठोर प्रश्न याच पानावर विचारा: यातलं कुठलं काम फक्त विंडोजवरच होतं? दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल, तर टॅली विंडोजसाठीच बनलेलं आहे. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल, तर त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो का ते विकणाऱ्याला आधी विचारा. अशा कामासाठी विंडोजचं एक मशीन बाजूला राहू द्या. ते काम ओढूनताणून लिनक्सवर बसवण्यात महिने जातात.

## २. कॉम्प्युटरची कुंडली मांडा

सांगलीच्या मार्केट यार्डात नुसतं "हळद द्या" म्हटलं तर समोरचा विचारतोच: राजापुरी की सेलम? हळकुंड की पावडर? पॅकेजचंही तसंच आहे. एकाच सॉफ्टवेअरचे अनेक वाण असतात. तुमच्या मशीनला कुठला चालतो, हे मशीनलाच विचारून घ्यायचं.

टर्मिनल उघडा आणि ही चार उत्तरं वहीत उतरवा.

प्रोसेसरची जात. कमांड: डीपीकेजी, एक जागा सोडून दोन डॅश, त्यांना लागूनच प्रिंट-आर्किटेक्चर. उत्तर बहुधा 'एएमडी६४' येईल. इथे नवखा माणूस हमखास अडखळतो. आमच्या मशीनवर इंटेलचं स्टिकर आहे, म्हणून मदतीला आलेल्या कॉलेजच्या मुलानं एएमडी६४ लिहिलेली फाइल बाजूला सारली आणि 'आय३८६' लिहिलेली उतरवली. त्याची चूक म्हणता येणार नाही, नावच फसवं आहे. ६४ बिटची ही रचना आधी एएमडी कंपनीनं आणली आणि २००३ मध्ये तिचे प्रोसेसर बाजारात आले. इंटेलनं नंतर तीच रचना स्वीकारली, पण नाव पहिल्याचं राहिलं. म्हणून इंटेलचं मशीन असलं तरी पॅकेज एएमडी६४ चंच घ्यायचं. आय३८६ म्हणजे जुनं ३२ बिट, आणि 'एआरएम६४' म्हणजे रास्पबेरी पायसारखी मशीन.

लिनक्सचं नाव आणि आवृत्ती. कमांड: कॅट, आणि पुढे /ईटीसी/ओएस-रिलीज. मिंट वापरणाऱ्यांनी या उत्तरातली 'उबुंटू_कोडनेम' ही ओळ मुद्दाम शोधावी. मिंट हे उबुंटूवर उभं आहे. मिंट २२ च्या खाली उबुंटू २४.०४ आहे, त्याचं टोपणनाव 'नोबल'. मिंट २१ च्या खाली उबुंटू २२.०४, टोपणनाव 'जॅमी'. मिंटची स्वतःची टोपणनावं निराळी असतात, मिंट २२ चं आहे 'विल्मा'. एखाद्या सॉफ्टवेअरच्या पानावर "उबुंटू २४.०४ साठी" असं लिहिलं असेल, तर मिंट २२ वाल्यानं तेच घ्यायचं. 'विल्मा' शोधत बसलात तर काहीच मिळणार नाही.

मेमरी. फ्री, जागा, डॅश एच. मिंटला २ जीबी चालते, ४ जीबी असेल तर बरं. त्याहून कमी असेल तर पुढची सगळी निवड हलक्या सॉफ्टवेअरकडे झुकवा.

डिस्कवरची मोकळी जागा. डीएफ, जागा, डॅश एच. ज्या ओळीच्या शेवटी नुसती तिरकी रेघ आहे तिथला आकडा बघा.

मशीन खरोखर ३२ बिटचं निघालं तर? उबुंटू, मिंट आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३, यांपैकी कुणीच आता ३२ बिट मशीनवर नव्यानं बसवायची सोय देत नाही. डेबियन १२ अजून बसवता येतं. अशा मशीनवर फार वेळ घालवू नका, नुसतं टायपिंग करून घ्या.

## ३. शोध घरातून सुरू करा

विंडोजची सवय अशी की सॉफ्टवेअर हवं असलं की ब्राउझर उघडायचा, नाव टाकायचं आणि पहिल्या हिरव्या बटणावर क्लिक करायचं. लिनक्सवर ही सवय सोडावी लागते. प्रत्येक लिनक्सचं स्वतःचं कोठार असतं, त्याला रिपॉझिटरी म्हणतात. डेबियन १३ च्या कोठारात सुमारे ७० हजार पॅकेजेस आहेत. ती सगळी त्या आवृत्तीसाठी बांधलेली, एकमेकांशी जुळवलेली आणि सहीशिक्क्यानं तपासता येणारी. तुमचं उत्तर बहुतेक वेळा याच कोठारात असतं.

शोधायच्या आधी यादी ताजी करा: सुडो एपीटी अपडेट. (सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारानं, एपीटी म्हणजे पॅकेज शोधणारा, टाकणारा आणि काढणारा प्रोग्राम.) ही कमांड काहीही टाकत नाही, फक्त कोठारात काय आहे त्याची यादी नव्यानं आणते. ती न चालवल्यामुळे "पॅकेज सापडत नाही" हा लाल निरोप येतो आणि माणूस उगाच बाहेर शोधायला जातो. तोच निरोप आणखी दोन कारणांनी येतो. एक, नावातला डॅश किंवा अक्षर चुकलेलं असतं. दोन, उबुंटूवर 'युनिव्हर्स' नावाचा कोठाराचा भाग बंद असतो. तो 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स'मध्ये जाऊन चालू करता येतो.

मग शोधा: एपीटी सर्च आणि पुढे कामाचा इंग्रजी शब्द. मराठीत लिहून काही हाती लागत नाही, कारण पॅकेजची वर्णनं इंग्रजीत असतात. 'पीडीएफ मर्ज', 'स्कॅन', 'ओसीआर' (स्कॅनमधली अक्षरं ओळखणं) असे शब्द द्या. शब्द जितका मोघम तितकी यादी लांब. नुसतं 'पीडीएफ' दिलंत तर पडदा वाहतच राहतो.

टर्मिनलची भीती वाटत असेल तर मिंटचा सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा. तिथे चित्रं असतात, लोकांचे अभिप्राय असतात. सुरुवात तिथून करायला काहीच हरकत नाही. काकांना मी तेच शिकवलं.

## ४. नावाचा घोळ

खरा वेळ खातो तो हाच भाग, म्हणून इथे जरा थांबते.

पहिली गोष्ट: मेनूमध्ये दिसणारं नाव आणि पॅकेजचं नाव एक नसतं. मेनूत 'डॉक्युमेंट स्कॅनर' दिसतं, पॅकेजचं नाव असतं 'सिंपल-स्कॅन'. उबुंटूवर 'फाइल्स' म्हणून उघडणाऱ्या प्रोग्रामचं पॅकेज 'नॉटिलस', आणि 'डिस्क्स' म्हणजे 'ग्नोम-डिस्क-युटिलिटी'. त्यामुळे शेजारच्या मशीनवर पाहिलेलं नाव तुमच्याकडे शोधून सापडलं नाही, तर ते नाहीच असं समजू नका. वर्णनातून शोधा.

दुसरी गोष्ट: एकच नाव दोन वेगळ्या वस्तूंचं असू शकतं. डेबियनमध्ये 'क्रोमियम' हा ब्राउझर आहे आणि 'क्रोमियम-बीएसयू' हा अंतराळयानं पाडायचा खेळ. एकेकाळी नुसतं 'क्रोमियम' हे नाव त्या खेळाकडे होतं आणि ब्राउझरला 'क्रोमियम-ब्राउझर' म्हणत. इंटरनेटवरच्या जुन्या सूचना वाचून नाव टाइप केलं की असं होतं. सूचना कुठल्या वर्षाची आणि कुठल्या आवृत्तीसाठी आहे ते आधी बघा.

तिसरी गोष्ट: शेपटी वाचायला शिका. नावाच्या शेवटी 'डेव्ह' असेल तर ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी आहे, तुम्हाला नको. 'डॉक' म्हणजे नुसती कागदपत्रं. 'कॉमन' किंवा 'डेटा' हे मुख्य पॅकेजसोबत आपोआप येतं, वेगळं टाकायची गरज नाही. नाव 'लिब'नं सुरू होत असेल तर बहुधा ते दुसऱ्या प्रोग्रामच्या कामाचं असतं. अपवाद लिबरऑफिसचा.

चौथी गोष्ट मराठी माणसासाठी सगळ्यात महत्त्वाची. 'मराठी' हा शब्द प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वेषात असतो. लिबरऑफिसच्या मराठी पडद्यासाठीचं पॅकेज 'लिबरऑफिस-एल१०एन-एमआर', म्हणजे दोन अक्षरी खूण. छापील अक्षर ओळखणाऱ्या टेसरॅक्टचं पॅकेज 'टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर', म्हणजे तीन अक्षरी. आणि फॉन्टमध्ये भाषा नसते, लिपी असते: 'फॉन्ट्स-देवा', 'फॉन्ट्स-लोहित-देवा'. इथला 'देवा' म्हणजे देवनागरी. मी नुसतं 'मराठी' शोधत राहिले आणि अर्ध्या वस्तू समोर असून दिसल्या नाहीत. 'मराठी', 'एमआर', 'एमएआर' आणि 'देवा' हे चारही शब्द पाळीपाळीनं शोधा.

## ५. टाकण्याआधी पॅकेजची पाठ वाचा

औषधाची बाटली घेताना तारीख बघतो, तसं इथे एपीटी शो आणि पुढे पॅकेजचं नाव. बरीच माहिती येते, त्यातल्या पाच ओळी बघा: आवृत्ती, वर्णन, अधिकृत संकेतस्थळ, उतरवायचा आकार आणि टाकल्यावरचा आकार. शेवटचे दोन आकडे वेगळे असतात. ५० एमबी उतरवलेलं पॅकेज डिस्कवर २०० एमबी व्यापू शकतं.

वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत तुमचं वहीतलं काम दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर ते पॅकेज तुमचं नाही.

मग एपीटी पॉलिसी आणि नाव. यातून कळतं की ते आधीच टाकलेलं आहे का, आणि टाकलं तर कुठल्या कोठारातून येईल. दोन कोठारं दिसली तर थांबून विचार करा.

## ६. डेब, फ्लॅटपॅक की स्नॅप?

एकच सॉफ्टवेअर तीन पद्धतींनी मिळतं आणि सॉफ्टवेअर मॅनेजरमध्येही एकाहून जास्त पर्याय दिसतात. डेब हे घरचं कोठार: लहान, जलद, आवृत्ती थोडी जुनी. फ्लॅटपॅक स्वतःसोबत लागणारं सगळं सामान घेऊन येतं, म्हणून आवृत्ती नवी असते, पण पहिल्यांदा टाकताना पाच-सहाशे एमबी किंवा त्याहून जास्त सहज उतरतं. स्नॅप ही उबुंटूची पद्धत. मिंटनं २०२० पासून ती मुळातच बंद ठेवली आहे, आणि उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स एपीटीनं टाकलं तरी आत स्नॅपच येतं.

माझा निर्णय असा: जुनं मशीन, कमी डेटा, तर डेब. एखादी सोय फक्त नव्या आवृत्तीतच असेल आणि ती खरंच लागत असेल, तरच फ्लॅटपॅक. आणि दोन्ही एकाच वेळी टाकू नका. काकांनी एका प्रतीत सेटिंग बदललं, दुसरी उघडली आणि "ताई, सगळं पुसलं गेलं" म्हणून फोन केला. काहीच पुसलं नव्हतं, दोन प्रतींची सेटिंग वेगवेगळ्या जागी असतात.

फ्लॅटपॅक किंवा स्नॅपच्या दुकानात आहे म्हणजे सुरक्षितच, असंही नाही. मे २०१८ मध्ये स्नॅपच्या दुकानातल्या '२०४८बुंटू' या खेळात लपवलेला, लोकांच्या मशीनवर आभासी चलन खणणारा प्रोग्राम सापडला होता. प्रकाशकाच्या नावापुढे खात्रीची खूण आहे का ते बघा. मिंट २२ खूण नसलेली फ्लॅटपॅक आपणहून लपवतं. ती दाखवायचं बटण आहे म्हणून दाबू नका.

## ७. कोठारात नसेलच, तर बाहेरून कसं आणायचं

माझी सर्वात मोठी चूक इथली. एक सॉफ्टवेअर हवं होतं, त्याची डेब फाइल कुठल्याशा डाउनलोडच्या पानावरून उतरवली आणि डबल क्लिक केलं. ती आमच्यापेक्षा नव्या उबुंटूसाठी बांधलेली होती. मशीन म्हणालं, 'लिबसी६' नवं हवं. ते नवं आणायला मी नव्या आवृत्तीचं कोठार यादीत जोडलं. त्यानंतर प्रत्येक अपडेटला शेकडो पॅकेजं अडकायला लागली आणि शेवटी सगळं पुसून पुन्हा मिंट टाकावं लागलं.

लिबसी६ हा घराचा पाया आहे, जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम त्यावर उभा असतो. उबुंटू २२.०४ मध्ये त्याची आवृत्ती २.३५ आहे, २४.०४ मध्ये २.३९. कुठलंही पॅकेज हा पाया बदलायला सांगत असेल, तर ते पॅकेज तुमच्या आवृत्तीचं नाही. तिथेच सोडून द्या.

बाहेरून आणायचंच असेल तर क्रम असा ठेवा:

- सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या मूळ संकेतस्थळावरच जा. त्याचा पत्ता एपीटी शोमध्ये किंवा विकिपीडियावरच्या लेखात मिळतो. शोधाच्या निकालात सगळ्यात वर जाहिरात असते, ती सोडा.
- दुसऱ्या पायरीतली कुंडली समोर ठेवा. एएमडी६४, आणि तुमच्या आवृत्तीचंच.
- पानावर चेकसम (फाइल बदललेली नाही ना, हे तपासायची खूण) दिलेला असेल तर तो जुळवा. कमांड: एसएचए२५६सम आणि फाइलचं नाव. आकडे-अक्षरांची लांब ओळ येते, ती पानावरच्या ओळीशी तंतोतंत जुळली पाहिजे. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात कुणीतरी घुसून डाउनलोडची लिंक चोरदरवाजा असलेल्या फाइलकडे वळवली होती. अशा वेळी संकेतस्थळावरचा आकडाही बदलला जाऊ शकतो, म्हणून दुसऱ्या अधिकृत जागी तो दिलेला असेल तर तिथेही बघा.
- 'पीपीए', म्हणजे उबुंटूसाठी कुणीही उघडू शकतो असं बाहेरचं कोठार, जोडायला सांगणारी सूचना दिसली, तर तो पीपीए खुद्द त्या सॉफ्टवेअरवाल्यांचा आहे का हे तपासा. कुणा अनोळखी माणसाचा असेल तर नको. आणि डेबियनवर उबुंटूचे पीपीए कधीच नकोत.

एक कमांड ओळ कॉपी करून टर्मिनलवर चिकटवा, सगळं आपोआप होईल, असं लिहिलेलं असतं. त्या ओळीत सुडो असेल तर तुम्ही घराच्या किल्ल्या देत आहात. ओळीतला प्रत्येक शब्द काय करतो हे कळल्याशिवाय एंटर दाबू नका.

## ८. मराठीसाठी आम्ही काय टाकलं

टायपिंग. इथे पॅकेज शोधण्याआधी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जा. लेआउटमध्ये भारतीय भाषांत मराठी आहे. इनस्क्रिप्टची सवय असेल तर काहीच टाकावं लागत नाही. इंग्रजी उच्चाराप्रमाणे टाइप करायचं असेल तर 'आयबस-एम१७एन' टाका, एकदा लॉगआउट करून परत या, आणि आयबसच्या सेटिंगमध्ये मराठी फोनेटिक निवडा. लॉगआउट न केल्यामुळे ते दिसत नाही आणि लोक दुसरं, तिसरं पॅकेज टाकत सुटतात.

फॉन्ट. 'फॉन्ट्स-देवा' टाकलं की देवनागरीचे बरेच फॉन्ट एकदम येतात. मात्र जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या फायली यानं वाचता येणार नाहीत. त्या फायली युनिकोडच्या नाहीत, आत इंग्रजी खुणाच असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. तिथे फॉन्टचं पॅकेज नको, मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर हवा. मूळ फाइलची प्रत ठेवूनच बदला.

छापील कागद वाचून घेणं. 'टेसरॅक्ट-ओसीआर', त्याच्यासोबत 'टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर', आणि बटणांचा पडदा हवा म्हणून 'जीइमेजरीडर'. मधलं पॅकेज विसरलात तर मराठी पानातून इंग्रजी अक्षरांचा चिवडा बाहेर येतो. स्कॅन ३०० डीपीआयवर करा. वाचनालयाच्या जुन्या छापील याद्या यातून बऱ्यापैकी निघाल्या, जोडाक्षरं तेवढी हातानं सुधारावी लागली.

पण ज्या वहीसाठी हे सगळं सुरू केलं, ती हस्ताक्षरातली होती. टेसरॅक्ट छापील अक्षरांसाठी आहे. काकांच्या आधीच्या ग्रंथपालांचं वळणदार अक्षर, त्यावर पुराचे डाग, त्याला त्यातलं काहीच उमगलं नाही. मी एक अख्खा दिवस दुसरं चांगलं पॅकेज शोधण्यात घालवला. मग लक्षात आलं की या कामाला लागणारं पॅकेज आयबस-एम१७एनच आहे. पानांचे फोटो काढले, गावातल्या दोन मुली आणि काका यांनी मिळून वाचता येतील तेवढ्या नोंदी कॅल्कमध्ये टाइप केल्या. काही पानं उलगडलीच नाहीत, ती वहीतच राहिली.

## ९. प्रिंटर

आधी काहीही न टाकता प्रिंटर जोडून बघा. अलीकडचे बरेच प्रिंटर, विशेषतः वायफायवाले, ड्रायव्हरशिवाय चालतात. एचपीचा असेल तर 'एचपीलिप' हे पॅकेज लागतं. लेझरजेट १०२० सारख्या मॉडेलला त्यावर आणखी एक प्लगइन उतरवावं लागतं, त्याची कमांड एचपी-प्लगइन. कॅननचा एलबीपी २९०० आपल्याकडे दुकानादुकानांत दिसतो. तो कॅप्ट नावाच्या वेगळ्या पद्धतीनं बोलतो, म्हणून त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो आणि नवख्यानं एकट्यानं त्यात पडू नये. जुना प्रिंटर विकत घेणार असाल तर आधी ओपनप्रिंटिंग या संकेतस्थळावरच्या प्रिंटरांच्या यादीत मॉडेल बघा, मगच पैसे द्या.

## १०. आधी तालीम, मग प्रयोग

नाव पक्कं झालं की लगेच टाकू नका. मिंटमधलं टाइमशिफ्ट उघडून एक स्नॅपशॉट घ्या. त्यात मशीनची सध्याची घडी जपली जाते. तुमच्या स्वतःच्या फायली मात्र त्यात नसतात, त्या पेनड्राइव्हवर.

मग एपीटी इन्स्टॉल, डॅश एस, आणि नाव. ही नुसती तालीम आहे, काहीही बदलत नाही. काय नवं येणार आणि काय काढलं जाणार ते दाखवते. काढलं जाणाऱ्यांच्या यादीत तुम्हाला ओळखीचं काही, विशेषतः डेस्कटॉपचं किंवा लिबरऑफिसचं नाव दिसलं, तर पुढे जाऊ नका. यादी ठीक असेल तर सुडो एपीटी इन्स्टॉल आणि नाव.

टाकून झालं की प्रोग्राम उघडून पहिल्या पानावरचं काम खरंच होतंय का ते त्याच दिवशी बघा. होत नसेल तर सुडो एपीटी रिमूव्ह करून काढून टाका. बघू नंतर, म्हणून ठेवलेली पॅकेजं पुढच्या अपडेटला आडवी येतात. काय कधी टाकलं हे वहीत लिहायचं राहिलं असेल, तर /व्हार/लॉग/एपीटी या फोल्डरमधल्या हिस्टरी नावाच्या फाइलीत तारखेनिशी मिळतं.

आणि सगळं नीट चालू झालं की एपीटी-मार्क शोमॅन्युअल ही कमांड चालवून तिचं उत्तर एका फाइलीत जपून ठेवा. मुद्दाम टाकलेल्या पॅकेजांची ती यादी असते. त्यात लिनक्ससोबत आलेली बरीच नावंही असतात, म्हणून आपली नावं वहीत वेगळी अधोरेखित करा. आमच्या वहीत अशी पाच नावं निघाली. वाचनालयाला दुसरा कॉम्प्युटर मिळाला तेव्हा मी सांगलीतच होते. काकांनी वही समोर ठेवून ती पाच नावं एकेक करून टाइप केली आणि संध्याकाळी फोनवर फक्त लेझर प्रिंटरच्या प्लगइनबद्दल विचारलं.